उत्तमरावांची खुर्द्याची थैली

“बाबूजी, तुमच्या खजिन्यात चोर काऊन येत नाई?”

उत्तमरावांनी काउंटरच्या जाळीतून हे विचारले तेव्हा त्यांच्या मागे रांग उभी होती. मी म्हणालो, “बाहेर बंदूकवाला शिपाई आहे की.”

“तो तं जेवल्यावर पेंगते. अन् ते बंदूक मी लहानपणापासून पाहून राह्यलो. खरं सांगा.”

“झालं काय?”

“आमच्या शेजारी घर फोडलं. मागची भिंत पोखरून शिरले. चांदी, भांडे, सगळं नेलं. मले माह्या पेटीपायी झोप येत नाई.”

पेटीत काय आहे हे मला ठाऊक होते. मी त्यांना बाजूला बाकावर बसायला सांगितले आणि रांग संपवली.

मी तेव्हा तालुक्याच्या सब-ट्रेझरीत क्लार्क होतो. ट्रेझरी म्हणजे सरकारी खजिना. वऱ्हाड मध्यप्रांताला जोडलेला होता. हुकूम नागपूरहून निघत आणि बुलढाण्यावरून आमच्यापर्यंत येत. जिल्ह्याची मोठी ट्रेझरी बुलढाण्याला, आमची तिची लहान शाखा. सारा जमा करणे, पगार-पेन्शन देणे, फाटक्या नोटा आणि चिल्लर बदलून देणे, एवढे आमचे काम.

उत्तमराव धामणगाव बढे या गावचे. थोडी शेती आणि किराण्याचे दुकान. दुकानात साचलेली चिल्लर घेऊन ते महिन्यातून एकदा आमच्याकडे येत. चिल्लरीला आम्ही खुर्दा म्हणत असू. खुर्द्यात कधीकधी चलनातून गेलेले नाणे निघते. दुसरा दुकानदार असे नाणे दुसऱ्या गिऱ्हाइकाच्या गळ्यात मारतो. उत्तमराव ते बाजूला ठेवत. त्यातून त्यांना नाण्यांचा नाद लागला. शिवराया, निजामी पैसे, बुऱ्हाणपूरच्या टांकसाळीची नाणी त्यांच्याकडे होती. नदीकाठच्या शेतात नांगराला काही लागले की गडीमाणसे ते त्यांच्याकडे आणून देत आणि बदल्यात गूळ, चहापत्ती नेत. अशी काही बारकी काळपट नाणी त्यांना मिळाली होती. त्यांवर हत्ती होता. ती शिवराई नाण्यांहून कितीतरी जुनी असावीत, हे मी त्यांना एका पुस्तकातून वाचून दाखवले होते. फारसी अक्षरे आमचे पोतदार करीमभाई लावून देत. पोतदार म्हणजे खजिन्यात नाणे पारखणारा माणूस.

मला फार बोलता येत नाही. उत्तमरावांनाही रिकाम्या गप्पांची हौस नव्हती. आमची मैत्री एका पुस्तकावर दोघांनी वाकून बसण्याची होती. त्यांच्या घरी कोणाला या नादाचे कौतुक नव्हते. मुलगा केशव त्याला भंगार म्हणे. उत्तमराव मला एवढेच म्हणत, “माह्या मागं हे फुटू नये. एका जागी राह्यलं पाह्यजे, बस.”

त्या दिवशी बाकावर बसून मी त्यांना आमची पद्धत सांगितली. खजिन्यात रुपये आणि नोटा डबल लॉकमध्ये असतात. एका दाराला दोन कुलपे. एकाची किल्ली तहसीलदाराकडे, दुसऱ्याची आमच्या खजिनदाराकडे. दोघे हजर असल्याशिवाय दार उघडत नाही. पण तांब्याच्या खुर्द्याच्या थैल्या मात्र साध्या एका कुलपात, कधीकधी तर नुसत्या कोपऱ्यात पडलेल्या असतात.

“त्या काऊन कोनी नेत नाई?”

“जड असतात आणि किंमत कमी. खुर्दा असे लेबल दिसले की चोर पुढे जातो.”

त्यांनी उपरणे झटकून खांद्यावर टाकले. मग म्हणाले, “रविवारी येता काय घरी?”

मी गेलो. त्यांची पेटी सागवानी होती. पितळी कड्या, पितळी कुलूप, आणि ती देवघराशेजारी ठेवलेली. त्या घरात चोराला पाहण्यासारखी तेवढी एकच वस्तू होती. आत प्रत्येक नाणे कागदाच्या पुडीत होते. पुडीवर कुठे मिळाले, कोणी दिले, काय वाचले, असे बारीक अक्षरात लिहिलेले.

मी म्हणालो, “पुड्या सोडा.”

“पुड्या सोडल्या तं मले कसं समजन?”

“तुम्हाला समजेल. चोराला समजायला नको. कोणी पैसा कागदात गुंडाळून ठेवतो का?”

त्यांनी पुड्या सोडल्या. त्यात अख्खी दुपार गेली. एकेक नाणे ते तळहातावर घेत, पाहत आणि चादरीवर ठेवत. मला घाई झाली होती. पुड्यांच्या लिहिलेल्या कागदांच्या चिठ्ठ्या मी माझ्याकडे ठेवायला घेतल्या. नाणी मी जाड खादीच्या थैलीत भरली. कचेरीत बांधतो तशी गाठ मारली. ही गाठ ओढून सुटत नाही, दोरीचे टोक आत ढकलावे लागते. लेबलवर माझ्या हाताने ‘खुर्दा’ लिहिले. मग दुकानातली खरी चिल्लर तशाच दुसऱ्या थैलीत भरून तिलाही तीच गाठ आणि तेच लेबल लावले. ओळख पटावी म्हणून नाण्यांच्या थैलीच्या तोंडाशी निळ्या दोऱ्याचे चार टाके घातले. दोन्ही थैल्या दुकानामागच्या कोठीत मिठाच्या गोण्यांजवळ ठेवल्या. सागवानी पेटी रिकामी, कुलूप लावून, होती तिथेच राहू दिली.

निघताना त्यांनी विचारले, “सुनेले सांगून ठेवू काय? गंगा शहाणी आहे. कोठी तिच्याच हाती राह्यते.”

मी नको म्हणालो. “आमच्याकडे दोन माणसांखेरीज कोणाला काही माहीत नसतं. इथे तुम्ही एक, मी दुसरा. तिसरा आला की गोष्ट गावभर होते.”

“गंगा नाई बोलत कोनाजवळ.”

“तुम्ही मला खजिन्याची पद्धत विचारलीत ना? ही पद्धत आहे.”

ते हो म्हणाले. माझ्या शिक्षणावर त्यांचा फार विश्वास होता.

दोन महिन्यांनी घरची सगळी मंडळी लग्नाला गेली असता भर दुपारी त्यांचे घर फुटले. चोरांनी चांदीचे ताम्हन नेले, पितळेची भांडी नेली आणि सागवानी पेटी उचलून नेली. थैल्यांना कोणी हात लावला नव्हता. उत्तमराव दुसऱ्याच दिवशी ट्रेझरीत आले. हसू दाबण्यासाठी त्यांनी तोंडावर उपरणे धरले होते.

“पेटी गेली, बाबूजी. गंगा रडून राह्यली. मामंजीचे पैसे गेले म्हन्ते. आता तं सांगू?”

मी तेव्हाही नको म्हणालो. पेटी नाण्यांसकट गेली असे गावाला वाटू द्या, म्हणजे चोर पुन्हा फिरकणार नाहीत, असे मी समजावले. माझ्या युक्तीचा मला अभिमान वाटत होता. मी ती तहसीलदारसाहेबांनाही सांगितली, गावाचे नाव न घेता. ते म्हणाले, “डोकं चालवलंत.” हे शब्द मी पुष्कळ दिवस जपून ठेवले.

त्यानंतर वर्ष गेले असेल. एका सकाळी उत्तमरावांच्या अंगावरून वारे गेले. वाचा बसली. दोन दिवस ते नुसते पाहत होते आणि उजव्या हाताने काहीतरी दाखवत होते. गंगाबाई पाणी देत, मग देवाचा अंगारा लावत. हे मला नंतर कळले. मला निरोप पोचला तो ते गेल्याचा.

मी पोचलो तेव्हा तिरडी बांधून झाली होती. आमच्या भागात पिकल्या वयाचा माणूस गेला की वाटेने त्याच्यावरून लाह्या आणि पैसे उधळतात. ती मानाची मयत. घरातून जो कोणी पैसे उधळतो, त्याच्या हाताकडे सारे गाव बघत असते. केशव शिंकाळ्यातले मडके घेऊन पुढे उभा होता. पैसे उधळण्याचे काम त्याचा चुलतभाऊ दशरथ याच्याकडे होते. गंगाबाईंनी कोठीतली भरलेली थैली काढून त्याच्या हाती दिली होती. दुसरी थैली रोजच्या मोडीसाठी काढून काढून रिती होत आली होती.

तिरडी खांद्यांवर चढली. दशरथ गाठीशी झटत होता. त्याने इकडेतिकडे पाहिले आणि माझ्याकडे आला.

“बाबूजी, हे गाठ सुटत नाई. तुमच्या कचेरीची दिसते. सोडा बरं जरा.”

त्याने थैली माझ्या हातात दिली. लेबल माझ्या अक्षरातले. थैलीच्या तोंडाशी निळे टाके.

मी ते पाहिले. पुढचे जे आहे ते मी जसे झाले तसे लिहितो. मला क्षणात सगळे कळले होते. गैरसमजाला जागा नव्हती. पण तिरडी उचललेली होती आणि उचललेली तिरडी थांबवत नाहीत. थांबा म्हटले असते तर कशासाठी हे सांगावे लागले असते. केशवला बापाच्या प्रेतासमोर सांगावे लागले असते की तुझ्या घरातली गोष्ट मला ठाऊक होती आणि तुला नाही. माझ्याच सांगण्यावरून ती त्याच्यापासून लपवलेली होती. लोकांना वाटले असते, कारकून मयतीत नाण्यांवर डोळा ठेवून आला आहे. हे सगळे विचार मी नंतर जोडले असतील. त्या वेळी मला फक्त लाज वाटली आणि सगळे माझ्याकडे बघत होते.

मी दोरीचे टोक आत ढकलले. गाठ सुटली. मी थैली दशरथला परत दिली.

वेशीपासून नदीपर्यंत तो मुठी भरभरून उधळत गेला. बायका, म्हातारे, मजूर, सगळे वाकून वेचत होते. मी खाली पाहत चाललो. एकदा हत्तीचे एक नाणे धुळीत पडलेले दिसले. मी पाऊल वाचवून पुढे गेलो. नदीवर दशरथने थैली उलटी करून झटकली आणि म्हणाला, “उत्तमकाकानं काई कमी नाई ठेवलं.”

मी त्याच संध्याकाळच्या मोटारीने परत आलो. केशवशी बोललो नाही. सुतकात पैशाचे बोलू नये, असे मी स्वतःला सांगितले.

मधे एक बाजाराचा दिवस गेला. त्यानंतर आमच्या काउंटरवर एक माणूस आला. त्याच्या मुठीत काही नाणी होती. तो चिडलेला होता.

“हे पाहा. मयतीत उधळले. मिठवाला घेत नाई, तंबाकूवाला घेत नाई. बापाच्या तिरडीवर खोटे पैसे! असा पोरगा असते काय?”

खजिन्यात खोटे नाणे आले तर ते परत द्यायचे नसते. ते कापायचे, असा नियम आहे. करीमभाईंनी सवयीने नाणी पुढे ओढली. एक दगडावर वाजवून पाहिले, उलटे केले आणि उजेडात धरले. मग कातरीकडे गेलेला हात त्यांनी मागे घेतला.

“बाबू, इकडं या. हा बुऱ्हाणपूरवाला नाई काय? मीच तं वाचून देल्ला होता उत्तमरावले.”

मी पाहिले.

“हे तं चोरीत गेल्ते ना?” करीमभाई म्हणाले.

“नाही,” मी म्हणालो.

करीमभाई माझ्याकडे बघत राहिले. मग त्यांनी त्या माणसाला आपल्या खिशातून चालू पैसे दिले आणि वाटेला लावले. मला म्हणाले, “चोरीत गेले नाई, तं काय झालं ते साहेबाले तुमीच सांगा. मी सांगन तं बरं नाई दिसणार.”

तहसीलदारसाहेबांना मी गावाच्या नावासकट सांगितले. थैली, लेबल, उत्तमरावांना घातलेली बंदी. गाठीचे सांगितले नाही. त्यांनी कागद बाजूला ठेवला.

“आपल्या खजिन्याच्या किल्ल्या कोणाकडे असतात?”

“एक आपल्याकडे, एक खजिनदाराकडे.”

“आणि डुप्लिकेट?”

“बुलढाण्याला. मोठ्या ट्रेझरीत, सील करून.”

“कशासाठी?”

उत्तर त्यांनीच दिले. “माझ्यापैकी आणि खजिनदारापैकी कोणीही उद्या मरू शकतो म्हणून. तुम्ही त्यांना अर्धा नियम शिकवलात. उरलेला अर्धा तुम्हाला पाठ होता.” मग थोड्या वेळाने, “तुम्ही मयतीला होतात?”

“होतो.”

“दिसलं नाही का तुम्हाला काही?”

“गर्दी होती,” मी म्हणालो.

तेरवीच्या सकाळी मी धामणगावला गेलो. चिठ्ठ्यांचा गठ्ठा बरोबर घेतला होता. केशव ओसरीवर बसला होता. त्या आठवड्यात त्याच्या दुकानात फारसे कोणी आले नव्हते. कोणीतरी दुकानाच्या फळीवर एक शिवराई ठेवून, “तुमचंच तुमाले,” असे म्हणून गेले होते. गाठीखेरीज मी त्याला सगळी हकिकत सांगितली. गंगाबाई दाराआड उभ्या होत्या.

आधी त्याच बोलल्या. “पेटी गेली तेव्हा मी दोन दिवस जेवली नाई, बाबूजी. मामंजी मले म्हनत, जाऊ दे बाई. अन् पैसे माह्याच कोठीत होते. मी काय चोर होती?”

“नाही.”

“शेवटी हात करून राह्यले होते कोठीकडं. मले वाटलं पानी मागते.”

मी गठ्ठा केशवपुढे ठेवला. केशवने गठ्ठ्यातली एक चिठ्ठी उलगडून वाचली, दुसरी वाचली. कोणत्या गड्याने कोणत्या शेतातून आणले, हे वाचताना तो थांबला. मग चिठ्ठ्या तशाच घडी करून ठेवल्या.

“मले सांगून काय फायदा?” तो म्हणाला. “मले खोटा म्हननारे पंगतीले येऊन राह्यले. तिथं सांगा.”

मी तिथे सांगितले. पाने वाढून झाली होती, पाणी फिरवायचे बाकी होते. चार माणसांत उभे राहून बोलण्याचा मला सराव नव्हता. मी म्हणालो की उधळलेली नाणी खोटी नव्हती, जुनी होती, उत्तमरावांनी आयुष्यभर जमवलेली होती. त्यांच्यावर मी खुर्द्याचे लेबल लावले आणि घरी सांगू दिले नाही. चूक केशवरावांची नाही, माझी आहे. मग एक म्हातारा म्हणाला, “म्हंजे बुढ्याचा सगळा जीव आमी वेचला म्हना की.” दोघेचौघे हसले. केशवने पाण्याचा तांब्या उचलला आणि जेवणे सुरू झाली.

त्यानंतर नाणी परत येऊ लागली. कोणी दुकानात आणून देई, कोणी करीमभाईंकडे. सगळी आली नाहीत. बाहेरगावच्या लोकांनी वेचलेली गेली. काहींना तोवर भोक पाडून मुलांच्या गळ्यात बांधले होते, कारण अशा मयतीतला पैसा आयुष्य वाढवणारा मानतात. ती मागायला गंगाबाईंनी मला मनाई केली. जी परत आली ती त्यांनी पुन्हा पुड्यांत बांधली. प्रत्येक चिठ्ठीशी नाणे जुळवायला मी रविवारी जात असे. चिठ्ठ्या पुष्कळ उरल्या. नाणी ओंजळभरच होती, आणि हत्तीचे त्यांत एकही नव्हते. उत्तमराव एका जागी राहू द्या म्हणाले होते. ते मला करता आले नाही.

गावात मात्र माझे नाव चांगले झाले. चार लोकांत उभे राहून चूक कबूल करणारा माणूस, असे केशव माझी ओळख करून देताना सांगे. मी ते ऐकून घेत असे.

तेरवीच्या दिवशी मोटारीपर्यंत पोचवायला दशरथ आला होता. निम्म्या वाटेवर त्याने विडी काढली. मग म्हणाला, “गाठीचं काई बोलले नाई तुमी.”

“नाही.”

“मले तेव्हाच वाटलं, बाबूजींचा हात थांबला. म्हटलं, दुःख झालं असन.” त्याने रस्त्याकडे पाहत विडी पेटवली. “जाऊ द्या. मी नाई सांगत कोनाले.”

त्याने सांगितले नाही. पुढे कित्येक वर्षे लग्नाकार्यात, बाजारात आम्ही भेटत राहिलो. तो रामराम करी आणि माझ्या हातांकडे न बघण्याची काळजी घेई. केशव गेला, मग गंगाबाई गेल्या. गेल्या महिन्यात दशरथ गेला. त्याच्या दहाव्याला मी घाटावर बसलो होतो, तेव्हा हे लिहायचे ठरवले. आता लाज राखणारा कोणी उरला नाही, आणि दुसऱ्याने राखलेली लाज आपल्या मागे तशीच ठेवून जाणे मला बरे वाटेना.

घरात मौल्यवान वस्तू कशी ठेवावी, असे लोक अजून मला विचारतात. खजिन्यात नोकरी केलेल्या माणसाला हे विचारतातच. मी सांगतो, चांगले कुलूप घ्या आणि घरातल्या एका समजूतदार माणसाला सगळे सांगून ठेवा. एवढे सांगायला अक्कल लागत नाही. चूक हातात आलेली असताना, सगळे बघत असताना, तोंड कसे उघडावे हे मात्र मला विचारू नये. मला ते आले नाही.